मुदतीचा साग

तुमचे आजोबा सागाच्या कापलेल्या ओंडक्यावर अंगठा फिरवून त्याचं वय सांगत. जंगल खात्याच्या लाकूड डेपोवर ते बाबू होते, आधी इंद्रवेल्लीकडे, मग आदिलाबादला. लिलावाच्या दिवशी हैदराबादचे, नागपूरचे व्यापारी यायचे आणि बोली लावण्याआधी हळूच त्यांच्या आसपास घुटमळायचे. ते तोंडाने काही सांगत नसत, तसा नियम होता. पण कोणत्या ओंडक्यापाशी ते जरा जास्त थांबले, यावरून भाव चढतो असं डेपोत म्हणत. हे मी त्यांच्या कौतुकासाठी लिहीत नाही. त्यांना साग कळत होता, आणि आमचं जे नुकसान झालं ते त्यातूनच झालं.

तुम्ही आता कमवायला लागाल. पैसा कसा वाढवायचा हे सांगणारे तुम्हाला तिकडे पुष्कळ भेटतील. त्यांच्याइतकी माहिती मला नाही. मी एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवत होते. पगार डेपोच्या चौकीदारापेक्षा थोडा कमीच होता, पेन्शन नव्हती, प्रॉव्हिडंट फंड नव्हता. पण मला एक सवय होती. हातात आलेल्या पैशाला मी आधी विचारायची, तुझं काम कधी आहे? यंदाच लागणार असेल तर बँकेच्या पासबुकात. चार-पाच वर्षांनी लागणार असेल तर पोस्टात. कधीच लागणार नाही असा पैसा आमच्याकडे नव्हता, त्यामुळे त्याचं काय करायचं हा प्रश्न आला नाही. लोक मला हसत. कापूस विकला की जवळच्या बेला गावातल्या बायका सोनाराकडे जात, मी पोस्टाच्या खिडकीत उभी राही.

पोस्टात तेव्हा बचतीचं एक पत्र मिळायचं. पाच वर्षांत दुप्पट. त्यावर कुणाचंच नाव नसायचं. नोटेसारखंच ते, ज्याच्या हातात असेल त्याचं. मुदत भरली की खिडकीत द्यायचं आणि पैसे घ्यायचे, सही-ओळख काही नको. तुमची आई आठ-नऊ वर्षांची होती तेव्हापासून दर वर्षी पगारवाढीतून मी अशी पत्रं घेत गेले. तिच्या कॉलेजसाठी. घरात सगळ्यांना ते माहीत होतं. तिलाही. अभ्यास टाळायला लागली की मी कपाटाकडे बोट दाखवायची. ती म्हणायची, "आई, त्या कपाटालाच पाठव ना कॉलेजात!"

त्र्याण्णव साली पहिली पत्रं पिकली. पोस्टाची वेळ आणि माझ्या शाळेची वेळ एकच. पोस्टाची कामं तुमचे आजोबाच करत. ते म्हणाले, "मी देतो नवीन करून."

त्याच महिन्यात माझे धाकटे दीर बेल्याहून येऊन गेले होते. बेल्यात त्यांचं बियाणं-औषधाचं दुकान होतं. माणूस गमत्या, घरात आला की घर हसायला लागायचं. मोटारसायकल दाराशी लावायच्या आधीच त्यांचा आवाज यायचा.

"वैनी, चाय टाका. आज तुमच्या नवऱ्याले लखपती करून जातो."

"आधी दिवाळीला नेलेली माझी कढई आणा भाऊजी. मग लखपती करा."

"कढईचं काय घेऊन बसल्या! सोन्याची आणून देतो."

त्यांनी पिशवीतून एक गुळगुळीत रंगीत कागद काढला. त्यावर सागाची कोवळी झाडं होती, एका ओळीत, शाळेतल्या पोरांसारखी सरळ. दक्षिणेकडे कुठेतरी कंपनीची जमीन होती. आपण पैसे भरायचे, आपल्या नावाची झाडं लागायची, कंपनी पाणी घालणार, राखण करणार, आणि वीस वर्षांनी झाड तोडून एका रुपयाचे पन्नास हातात देणार. तेव्हा अशा कंपन्या सगळीकडेच निघाल्या होत्या.

"वीस वर्षांनी चहाही मीच टाकायचा का?" मी विचारलं.

"तवा नोकर ठेवजा वैनी."

तुमच्या आजोबांनी चष्मा लावून तो कागद उजेडात धरला. दीर त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. डेपोत व्यापारी बघतात तसे.

"साग हाये," आजोबा म्हणाले. "रोप चांगलं हाये. फाटा फुटू नाही देल्ला. सरळ चालवून राह्यले."

"मी काय म्हणलं होतं, भाऊ!"

मी म्हटलं, "अहो, तुम्हीच सांगता ना, साठ वर्षांशिवाय सागाचा गाभा भरत नाही म्हणून? हे वीस वर्षांत कसं भरणार?"

"ते जंगलातलं. त्याले कोण पानी देते? हे ठिबकवर हाये."

"आणि तोडायची परवानगी? आपल्या बांधावरचं झाड तोडायचं तरी लोक तुमच्याकडे दरख्वास्त घेऊन वर्षभर खेटे घालतात."

"ते कंपनी पाहीन."

"सागवान कवा पडलं का वैनी?" दीर म्हणाले. "सांगा. कापूस पडते, सोनं पडते, सरकार पडते. सागाचा भाव कवा खाली आला?"

तुमच्या आजोबांच्या सगळ्या नोकरीत लिलावाचा भाव खाली आलेला आम्ही कुणीच पाहिला नव्हता. दोघांचंही म्हणणं खरं होतं. फोटोतलं झाड सागाचंच होतं, आणि सागाचा भाव वाढतच होता. या दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये कंपनी उभी होती, आणि तिच्याकडे कुणी चष्मा लावून पाहिलं नाही. माझ्या मते अशी चूक आमच्याच भागातला माणूस करू शकतो. मुंबईचा माणूस निदान म्हणाला असता, मला झाडातलं काय कळतं, कुणाला तरी विचारतो. आमच्याकडे कुणाला विचारायची गरजच नव्हती. उलट लोक आम्हाला विचारायचे.

दोन-तीन दिवसांनी जेवताना मी विचारलं, पत्रं नवीन झाली का?

"झालीच समज," ते वरणात भाकर मोडत म्हणाले. "फक्त पोस्टात नाही."

मी वाढायची थांबले. तुमची आई समोर बसली होती. ती आधी माझ्याकडे बघायला लागली, मग त्यांच्याकडे.

"सगळी?"

"पिकलेली सगळी. बाकीची पिकली का तेही टाकू. पोस्ट पाच वर्सात दुप्पट देते, हे पन्नासपट. तू इंग्रजी शिकलेली, तुले हिशेब सांगाव लागते काय?"

"तो पैसा हिच्या कॉलेजचा होता."

"हिचाच हाये. मी काय दारू पेलो त्याची?"

खरोखरच ते दारू पीत नसत. पत्ते खेळत नसत. चांगला माणूस पैसे बुडवतो तेव्हा त्याच्यावर ओरडताही येत नाही. तुम्ही ओरडलात तर तुम्हीच वाईट. मी उठून झाडांचं सर्टिफिकेट आणलं. पुढच्या बाजूला हिरवी वेलबुट्टी होती, मागे बारीक इंग्रजी. ते जेवत होते आणि मी एकेक वाक्य मराठीत करून वाचलं. मुदतीआधी पैसे परत मिळणार नाहीत. पूर, आग, कीड, सरकारी हुकूम यांना कंपनी जबाबदार नाही. झाडाची किंमत त्या वेळी कंपनी ठरवेल.

"इंग्रजीत लिवलं का सारंच भेवाचं वाटते," ते म्हणाले, आणि ताक मागितलं.

पुढच्या वर्षी पिकलेली पत्रंही गेली. या वेळी मी ती साडीच्या घडीत ठेवली होती. त्यांनी मागितली, मी नाही म्हटलं. मग आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी सासूबाईंनी गावाहून निरोप पाठवला की नवऱ्यापासून पैसा लपवणारी बाई आपल्या घरात आजवर झाली नाही. मी पत्रं काढून टेबलावर ठेवली. त्यांच्यावर माझं नाव नव्हतं. माझ्या पगारातून घेतलेली होती, पण ते कोणत्या कागदावर लिहिलेलं होतं?

एकदा आम्ही घेतली म्हटल्यावर पुष्कळांनी घेतली. डेपोतले लोक, शेजारचे, बाजारात वांगी-मेथी विकायला बसणारी एक माळीण. "डेपोच्या बाबूनं घेतली," एवढंच दीर सांगत. त्यांना वेगळं काही सांगावंच लागत नसे. त्याच सुमारास त्यांची जुनी मोटारसायकल गेली आणि नवी आली. प्रत्येक झाडामागे कंपनी त्यांना काही देते, हे मला शाळेतल्या एका तेलुगू बाईंकडून कळलं. त्यांच्या नवऱ्यानेही तेच काम धरलं होतं. मी दिरांना सरळ विचारलं, तेव्हा ते लाजलेसुद्धा नाहीत.

"मग काय फुकट फिरू वैनी? पेट्रोल काय तुमी टाकता?"

ते रास्तच होतं. फक्त भावाला झाडं विकताना हे बोलायला हवं होतं. तुम्हाला कुणी काही घ्यायला सांगेल, तेव्हा त्याच्या पदरात काय पडतं ते आधी विचारा. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. आमच्या घरात हा प्रश्न विचारणं म्हणजे नात्याचा अपमान होता.

शहाण्णव साली तुमची आई बारावी झाली. प्रवेश परीक्षेत तिचा नंबर बरा लागला, फुकट जागेइतका नाही, पण पैसे भरून मिळणाऱ्या जागेइतका. हैदराबादजवळच्या कॉलेजात इंजिनिअरिंगची जागा. आमच्या गल्लीत तोवर कुणाच्या मुलीने असं काही केलं नव्हतं. ती त्या दिवशी भर दुपारी कापसाच्या मार्केटपासून घरापर्यंत पळत आली. रस्त्यात तिला ओळखणाऱ्या एका तेलुगू दुकानदाराने विचारलं, "एमैंदि अम्मा?", काय झालं पोरी? तिने पळता पळता मराठी, तेलुगू, हिंदी अशा तिन्ही भाषांत उत्तर दिलं, असं तो नंतर आम्हाला सांगत होता.

फी भरायला थोडे दिवस होते. पोस्टातली राहिलेली दोन-तीन पत्रं आणि माझ्या बांगड्या मिळून वसतिगृहाचं झालं असतं. फीचं नाही. माझं बाकीचं सोनं नणंदेच्या लग्नात गेलं होतं, आजोबांच्या फंडातलं घरासाठी उचललं होतं. जो पैसा बरोबर या महिन्यासाठी ठेवला होता तो दक्षिणेत कुठेतरी ठिबकवर वाढत होता.

आम्ही तिघं हैदराबादला गेलो. कंपनीचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं, थंड हवेचं, कोपऱ्यात कुंडीत सागाचं एक रोप. मी इंग्रजीत बोलले. ती मुदतीची अट मला पाठ होती, तरी मी शिक्षणाचं कारण सांगितलं, अर्धे द्या म्हटलं, आमचेच आम्हाला द्या, वाढ नको म्हटलं. तिथला साहेब फार सभ्य होता. त्याने माझ्याशी बोलणं सोडून तुमच्या आजोबांकडे तोंड वळवलं.

"आप तो फ़ॉरेस्ट डिपार्टमेंट के हैं साहब. आपसे ज़्यादा सागवान की क़ीमत कौन जानता है? आज निकालेंगे तो आपका ही नुक़सान है।"

आणि तुम्हाला सांगते, तुमचे आजोबा खुर्चीत जरा ताठ झाले. मुलीची जागा जायला आली होती, आणि त्यांना बरं वाटलं. मी बघितलं ते. तुमच्या आईनेही बघितलं.

शेवटी साहेबाने एक चेक लिहून दिला, पुढच्या महिन्याच्या तारखेचा. फीची शेवटची तारीख त्याच आठवड्यात होती. मी ते दाखवलं. तो म्हणाला, कॉलेजवाल्यांना हा चेक दाखवा, ते थांबतील. कॉलेजवाले थांबले नाहीत. त्यांच्याकडे पुढचा नंबर रांगेत उभा होता, वडील रोख घेऊन. खिडकीतल्या कारकुनाने आमचा कागद बाजूला सारला आणि त्यांचा घेतला. ती मुलगी तुमच्या आईच्याच वयाची होती. तिने आमच्याकडे पाहून "सॉरी" म्हटलं.

आम्ही बसने परत निघालो. वाटेत निर्मल गावी गाडी चहाला थांबली. तिथे तुमच्या आईने वडिलांना विचारलं, "बाबा, मुदत भरेल तेव्हा मी किती वर्षांची असेन?"

त्यांनी बोटांवर मोजलं. खरंच मोजलं. "चवतीस-पस्तीस."

"मग मला ती झाडं कशाला?"

"तवा तुह्या पोरायच्या कामी येतीन," ते म्हणाले, आणि त्यांना वाटलं की त्यांनी तिची समजूत घातली.

तो चेक बँकेतून परत आला. दिवाळीनंतर हैदराबादच्या ऑफिसला कुलूप लागलं. दीर बेल्याहून आले, फार वाईट झालं म्हणाले, पोटभर जेवले आणि आपल्याला कंपनीनेच फसवलं असं सांगून गेले. ते पुढेही दर सणाला येत राहिले. मी वाढत राहिले. नव्या मोटारसायकलीवर त्यांच्या मुलाने कॉलेज केलं.

माळीण एकदा दाराशी आली होती. भांडायला नाही. तिने पदरातून मेथीची जुडी काढून उंबऱ्यावर ठेवली.

"माहे झाडं आता केवढाले झाले असतीन जी, बाबू?"

तुमचे आजोबा आत होते. त्यांना ऐकू गेलं होतं, तरी ते बाहेर आले नाहीत. मीच तिला सांगितलं की कंपनी बुडाली. तिला बुडणं कळेना. "झाडं कशे बुडतीन बाई?" ती म्हणाली. "पूर आला काय तिकडे?"

खरं म्हणजे आजोबांचंही तेच मत शेवटपर्यंत होतं. झाडं तर उभीच असतील. कुणाच्या तरी वावरात असतील, पण उभी असतील. साग कुठे जातो? टीव्हीवर अशा कंपन्यांच्या मालकांना धरलेलं दाखवायचे, तेव्हा ते म्हणायचे, "यानं खाल्लं, पण झाडानं नाही खाल्लं." मी एकदा म्हटलं, जाऊन बघू तरी. ते गेले नाहीत. मला वाटतं त्यांना भीती होती, तिथे झाडं नसतील याची नाही, असतील याची. असली तर मग चूक कुणाची म्हणायची?

तुमच्या आईने आदिलाबादच्याच कॉलेजात बी.एस्सी. केलं. तिसऱ्या वर्षी स्थळ आलं. लग्नात आजोबांनी तिला सागाचा पलंग दिला. डेपोतल्या लिलावातून स्वतः निवडलेलं लाकूड, साठ-सत्तर वर्षांचं, गाठ नाही, भेग नाही. लोक त्यावरून हात फिरवत आणि म्हणत, बापाने लेकीला काय दिलंय! मी तिथेच उभी होते. लग्न लागायच्या आदल्या दिवशी मी तिच्या एकटीच्या नावाने बँकेत खातं उघडलं होतं आणि शाळेचा एका महिन्याचा पगार त्यात टाकला होता. मी तिला सांगितलं, नवऱ्याला सांग, सासूला सांग, लपवू नकोस, पण सही तुझीच राहू दे. तिने पासबुक घेतलं, उघडलं, स्वतःचं नाव वाचलं आणि विचारलं, "हे आता का गं आई?"

गेल्या महिन्यात फोनवर ही गोष्ट निघाली तेव्हा धाकटा म्हणाला, "पण आजी, आई तिकडे शिकायला गेली असती तर बाबांशी लग्न झालंच नसतं. मग आम्ही नसतोच!" सगळे हसले. तुमची आईही हसली. मी फोनवर काही बोलले नाही, म्हणून आता लिहिते आहे.

तुम्ही आहात याचा मला आनंद आहे. पण हा हिशेब तिच्यासमोर पुन्हा मांडू नका. असा हिशेब मांडला की कुणीही कुणाचंही काही घ्यावं आणि मागाहून म्हणावं, बघ, चांगलंच झालं. ती सतरा वर्षांची होती, तिला जागा मिळाली होती, आणि त्या जागेचे पैसे आठ वर्षं आधीपासून घरात होते. आमच्यापैकी कुणीही ते खर्च करण्याआधी तिला विचारलं नाही. तुम्ही तेव्हा कुठेच नव्हता. तिचं जे गेलं ते तुमच्या नावावर टाकू नका.